वाण पोहोचला, पद्धत वाटेत राहिली

हेन्री रिडले हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १८८८ साली सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनचा प्रमुख होऊन आला, तेव्हा रबराची झाडे बागेत आधीच उभी होती. लंडनच्या क्यू उद्यानातून १८७७ साली २२ रोपे आली होती, त्यांचाच तो वंश. झाडे होती, बिया पडत होत्या, पण मलायातले मळेवाले रबराला हात लावायला तयार नव्हते. कॉफी बरी चालली होती. ज्या झाडाचा पैसा दिसायला सहा-सात वर्षे लागणार, त्याला जमीन कोण देणार? रिडलेने दोन कामे केली. चीक काढण्याची रीत बसवली: सालीवर तिरप्या खाचा घ्यायच्या आणि तीच खाच पुन्हा पुन्हा पातळ सोलून उघडायची, म्हणजे झाड मरत नाही आणि चीक वाढत जातो. दुसरे काम म्हणजे ही रीत आणि खिशातल्या बिया घेऊन तो भेटेल त्या मळेवाल्याच्या मागे लागला. लोक त्याला ‘मॅड रिडले’ म्हणू लागले. १८९६ साली मलाक्क्याच्या टॅन चे यान या चिनी मळेवाल्याने पहिल्यांदा धंदा म्हणून रबर लावले. पुढे कॉफीचे भाव कोसळले, मोटारी आल्या, आणि १९१७ पर्यंत त्या एका बागेतून ७० लाखांवर बिया बाहेर गेल्या.

ही बाग मी राहतो त्या बुओना व्हिस्टापासून सर्कल लाइनवर तिसरे स्टेशन. महाराष्ट्रातल्या कृषी विद्यापीठांच्या विस्तारकार्यावरच्या लेखसंग्रहाला परदेशात राहणाऱ्या माणसाने प्रस्तावना लिहावी, आणि तीही एका इंग्रजापासून सुरू करावी, हे काहींना खटकेल. रिडले कुठल्या विद्यापीठाचा नव्हता, आणि त्याने ज्यांचे भले केले त्यांत मळ्यात राबायला नेलेले तमिळ मजूर नव्हते, हेही खरे. पण संशोधन करणारा आणि ते गळी उतरवणारा हे दोन्ही एकाच माणसात असले तर काय होते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही. पुढच्या लेखांत ही दोन कामे दोन खात्यांत वाटली गेल्यावर काय झाले ते वाचायला मिळेल.

बुओना व्हिस्टाला या विषयात एक वेगळीच गंमत आहे. स्टेशनच्या एका अंगाला घिम मोहची सरकारी वसाहत आणि तिचे मार्केट, दुसऱ्या अंगाला बायोपोलिस आणि फ्युजनोपोलिसच्या काचेच्या इमारती. दोन स्टेशने पुढे केंट रिजला नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ सिंगापूर, आणि तिच्या आवारात टेमासेक लाइफ सायन्सेस लॅबोरेटरी. या प्रयोगशाळेने ‘टेमासेक राइस’ नावाचा भात तयार केला. तो शेतकऱ्यांच्या हाती द्यायला मात्र समुद्र ओलांडून इंडोनेशियातल्या आचे प्रांतात जावे लागले, कारण इथे भाताचे खाचर औषधालाही नाही. एके काळी इथे शेती होती. १९५९ साली स्थापन झालेल्या प्रायमरी प्रॉडक्शन डिपार्टमेंटची माणसे कंपोंगांतल्या, म्हणजे खेड्यांतल्या, कोंबड्या-डुकरे पाळणाऱ्यांकडे जात, आणि अंडी, कोंबडी, डुकराचे मांस यांत हे बेट स्वयंपूर्ण झाले होते. १९८४ मध्ये सरकारने डुकरे पाळणे बंद करायचे ठरवले. जागा आणि पाणी दुसऱ्या कामांना हवे होते. अलीकडे, २०१९ साली, २०३० पर्यंत गरजेचे ३० टक्के अन्न इथेच पिकवण्याचा संकल्प सोडला होता. २०२५ मध्ये तो मागे घेऊन नवी उद्दिष्टे ठरवावी लागली. भांडवल होते, प्रयोगशाळा होत्या, तंत्र तर जगातले उत्तमातले उत्तम. शिवार नव्हते.

महाराष्ट्रात शिवाराची वाण नाही. चार कृषी विद्यापीठे आहेत, त्यांची संशोधन केंद्रे जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली आहेत, पन्नासच्या आसपास कृषी विज्ञान केंद्रे आहेत. मग अडते कुठे?

हे लेख एकापाठोपाठ वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. कोणीच ती थेट लिहिलेली नाही, म्हणून मी लिहितो. वाण आपल्या पायांनी चालत जातो. पद्धत जात नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने भगवा हा डाळिंबाचा वाण दिला. तो पटवून द्यायला कोणाला गावोगाव हिंडावे लागले नाही. फळाचा रंग आणि बाजारातला भाव एकदा दिसला, की सांगोल्याचा माणूस पाहुण्याकडून कलमे आणतो आणि सटाण्याचा माणूस सांगोल्याहून नेतो. अवजारांचेही तसेच. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला, म्हणजे देठासकट आंबा उतरवणारी पाते-जाळीची काठी, आज कोकणात घराघरांत आहे. झेला हातात घेतला की कसा वापरायचा ते कळते, आणि गावातल्या लोहाराला नमुना पुरतो.

आता त्याच डाळिंबावरचा तेल्या घ्या. जिवाणूजन्य रोग, फळावर तेलकट डाग पडतात, फळ तडकते, पावसाच्या थेंबांबरोबर आणि छाटणीच्या कात्रीबरोबर पसरतो. यावर विद्यापीठाकडे आणि सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे पुडीतले औषध नव्हते, पद्धत होती. बागेला तीन-चार महिने ताण आणि विश्रांती द्या, मृग बहराचा मोह टाळून हस्त धरा, रोगट फांद्या खालून कापा, कात्री प्रत्येक झाडामागे निर्जंतुक करा, गळालेले फळ वेचून जाळा. हे सगळे एकट्याने करून भागत नाही. शेजाऱ्याने सडकी फळे बांधावर टाकली की तुमची स्वच्छता वाया. म्हणजे ही शिफारस एका शेतकऱ्यासाठी नसतेच, अख्ख्या शिवारासाठी असते. आणि शिवाराला एका वेळी एक गोष्ट करायला लावणे हे वनस्पतिरोगशास्त्राच्या पदवीत कुठेच शिकवत नाहीत. या संग्रहातला तेल्यावरचा लेख मला सर्वांत आवडला. त्यात रोगाबद्दल थोडे आहे. कोणत्या वस्तीत कोण कोणाचे ऐकतो याबद्दल पुष्कळ.

अर्धी पद्धत पोहोचली तर काय होते, हे पाहायला कोकणात जावे. हापूस एका वर्षाआड फळतो. त्यावर पॅक्लोब्युट्राझोल, बागायतदारांच्या तोंडी ‘कल्टार’, वापरण्याची शिफारस दापोलीने केली. झाडाच्या घेराचा व्यास मोजून त्या मापाने मात्रा, जुलै-ऑगस्टात, बुंध्याभोवती रिंगणात भोके घेऊन. आणि ज्या झाडाला द्यायचे त्याचे खतपाणी नीट हवे. औषध वाऱ्यासारखे पसरले. मोजमाप मागेच राहिले. ज्याने बाग दोन-तीन वर्षांच्या कराराने घेतली, त्याला झाडाच्या दहाव्या वर्षाशी देणेघेणे नसते. तो मात्रा दुप्पट करतो, खताला हात आखडता घेतो. थकलेली कलमे नंतर मालकाच्या पदरात. विस्तार विभागाने मालकांचे मेळावे घेतले, पण फवारणारा आणि भोके पाडणारा माणूस करारदाराचा होता, आणि तो मेळाव्याला कशाला येईल?

याच्या उलट, अगदी साध्या पद्धतीचे एक उदाहरण बघा. सोयाबीनचे बियाणे उगवत नाही ही मराठवाडा-विदर्भातली नेहमीची ओरड. त्यावर घरच्या घरी करायची चाचणी शिकवतात. गोणपाटाचा तुकडा ओला करून पसरायचा. घरातल्या बियाण्यातले मुठीत येतील ते शंभर दाणे, निवडून घ्यायचे नाहीत, दहा-दहाच्या दहा ओळींत बोटाच्या पेराएवढे अंतर ठेवून मांडायचे. वरून दुसरा ओला तुकडा. गुंडाळी करून सावलीत ठेवायची, सुकू द्यायची नाही. सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तर किंवा त्याहून जास्त आले तर बियाणे चांगले. कमी आले तर त्या प्रमाणात पेरा वाढवायचा, फारच कमी आले तर ते बियाणे तेलाच्या घाण्याला. खर्च शून्य. जिथे ही चाचणी रुजली तिथे बहुतेक ठिकाणी ती घरातल्या बाईने रुजवली असे एका लेखात आहे, आणि ते पटते. बियाणे राखणे हे पूर्वापार तिचेच काम. पण प्रशिक्षणाचे बोलावणे मात्र सातबाऱ्यावरच्या नावाने निघते.

विस्ताराचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तके अमेरिकेपासून निघतात. मला महाराष्ट्रापासून निघावेसे वाटते. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारला केलेल्या सूचना आज वाचल्या तर विस्तार शिक्षण संचालनालयाचा वार्षिक कार्यक्रम वाटावा: शेतीची प्रदर्शने भरवा, नांगर हाकण्याच्या परीक्षा घेऊन बक्षिसे द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतकी शाळा दाखवून आणा. ज्यांच्या नावाचे विद्यापीठ राहुरीला आहे त्यांनी त्या विद्यापीठाचे काम पंच्याऐंशी वर्षे आधी लिहून ठेवले होते.

दुसरे नाव हॅरॉल्ड मॅन यांचे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हे प्राचार्य आपले सहकारी घेऊन पुण्याजवळच्या एका खेड्यात गेले आणि घरटी जमीन, कर्ज, विहिरी, तुकडे यांची मोजदाद केली. ते पुस्तक १९१७ साली आले. १७७१ मध्ये त्या गावात सरासरी धारण ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. सुधारित नांगराची शिफारस करण्याआधी नांगर फिरवायला जागा किती उरली आहे ते बघावे, हा त्यातला धडा. पुढे जातेगाव बुद्रुकच्या अभ्यासात त्यांच्याबरोबर असलेले ना. वि. कानिटकर यांनी सोलापूर भागात कोरडवाहू शेतीची बांधबंदिस्तीपासून पेरणीच्या अंतरापर्यंतची पद्धत बसवली. मॅन यांचे ते पहिले खेडे म्हणजे पिंपळे सौदागर. बुओना व्हिस्टातल्या आणि आसपासच्या निम्म्या मराठी संसारांचे ‘पुण्यातले घर’ आज त्याच्या आसपास कुठेतरी असते. ज्या विहिरी मॅननी मोजल्या त्यांवर आता पार्किंग आहे.

अमेरिकेचे थोडक्यात सांगतो. १९०३ साली टेक्सासातल्या टेरेल गावी सीमन नॅप यांनी सरकारी प्रक्षेत्रावर प्रयोग न करता वॉल्टर पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात केला. नुकसान झाले तर भरपाई म्हणून गावातल्या व्यापाऱ्यांनी एक हजार डॉलर बाजूला काढून ठेवले होते. ते लागले नाहीत. विस्ताराच्या पुस्तकांत प्रात्यक्षिक लक्षात राहिले, ती हजार डॉलरची हमी विसरली गेली. आपल्याकडच्या पीक प्रात्यक्षिकात बियाणे, खत, फलक सगळे मिळते. फसले तर कोणाचे, याचा उल्लेख नसतो. १९१४ च्या कायद्याने अमेरिकेत विस्तार विद्यापीठांच्या गळ्यात पडला. आपण १९६० नंतर तिथल्या विद्यापीठांच्या मदतीने त्याच धर्तीवर कृषी विद्यापीठे काढली. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटी आली होती. शिक्षण, संशोधन आणि विस्तार अशी तीन कामे विद्यापीठांना नेमून दिली. पण गावपातळीवरची माणसे, म्हणजे कृषी सहायकांची सगळी फौज, राज्याच्या कृषी खात्याकडेच राहिली. विद्यापीठाला विस्तार संचालक मिळाला, पाय मिळाले नाहीत.

राहुरीचे विद्यापीठ १९६८ चे. विदर्भाला वेगळे विद्यापीठ हवे म्हणून १९६७ साली अकोल्यात आंदोलन पेटले, त्यात माणसांचे जीव गेले, आणि १९६९ च्या २० ऑक्टोबरला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले. परभणी आणि दापोली १९७२ मध्ये एकाच दिवशी, १८ मे रोजी. शेतकी कॉलेजासाठी लोक रस्त्यावर उतरले होते, ही गोष्ट आज त्याच विद्यापीठांतल्या मुलांना सांगितली तर खरी वाटत नाही.

पाय नसण्यावर तोडगा म्हणून कृषी विज्ञान केंद्र आले. पहिले १९७४ साली पुदुच्चेरीला. महाराष्ट्रातले अगदी सुरुवातीचे एक १९७६ साली डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, गोखले एज्युकेशन सोसायटीकडे. टेकडी नवी नव्हती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ पासून तिथे वारली मुलांची बालवाडी चालवत होत्या. मुले शाळेत येत नाहीत कारण ती गुरे राखतात, हे कळल्यावर त्यांनी शाळाच गुरांमागे नेली. तिला कुरणशाळा म्हणत. विस्तारशास्त्राचे कुठलेही पाठ्यपुस्तक कुरणशाळेचा उल्लेख करत नाही. ती बालशिक्षणाच्या कपाटात ठेवलेली असते. पण ज्याच्यापर्यंत पोहोचायचे त्याचा दिवस कसा जातो हे आधी बघणे, आणि मग आपले वेळापत्रक त्याच्या दिवसात बसवणे, याहून विस्तार वेगळा काय असतो? त्याच केंद्राने पुढे विक्रमगड-जव्हारकडच्या कुटुंबांना मोगरा लावायला शिकवले. कळ्या पहाटे तोडायच्या, सकाळच्या गाडीने मुंबईच्या बाजारात. भात कापून झाला की वीटभट्टीवर जाणाऱ्या घराला गावात थांबायला एक कारण मिळाले.

आता उलट दिशेचा प्रवास. तो सांगितल्याशिवाय ही प्रस्तावना अप्रामाणिक होईल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या दीड एकरातल्या पटेल-३ या भातात तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा पिवळसर, बारीक. त्यांनी त्या बाजूला काढल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, असे काही हंगाम. आसपासचे शेतकरी बियाणे मागू लागले, आणि बाजारात नेल्यावर व्यापाऱ्याने त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून त्याचे नाव ठेवले, एचएमटी. १९९४ मध्ये अकोल्याच्या विद्यापीठाच्या सिंदेवाही संशोधन केंद्राकडून त्यांच्याकडचे पाच किलो बियाणे प्रयोगासाठी नेण्यात आले. १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित झाला. आम्ही शुद्धीकरण केले, असे विद्यापीठाचे म्हणणे. शुद्धीकरण हे खरेच काम असते, त्याला हंगाम आणि शिस्त लागते. ते कमी लेखण्याचे कारण नाही. पण मूळ निवड ज्याची त्याला राष्ट्रीय पातळीवरचा मान मिळाला तो २००५ साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनकडून, राष्ट्रपती कलामांच्या हस्ते. २०१८ च्या जूनमध्ये दादाजी गेले. या संग्रहात त्यांच्यावर स्वतंत्र लेख नाही. असायला हवा होता.

द्राक्षात हाच प्रवास जरा सुखाने झाला. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी थॉमसनच्या बागेत दिसलेल्या वेगळ्या फांदीवरून सोनाका उभा केला, तासगाव भागात वसंतराव आर्वे यांच्याकडून तास-ए-गणेश आला. तिथे फरक हा होता की शेतकऱ्यांचा स्वतःचा द्राक्ष बागायतदार संघ होता, १९६० पासूनचा. वाणाला नाव, मान आणि मालक तिघेही जागेवर राहिले. बागायतदाराला संघ असतो, दीड एकरवाल्याला नसतो. विद्यापीठाचा विस्तार नेमका कोणासाठी हवा, याचे उत्तर या फरकात आहे.

शेतीशाळेबद्दल दोन शब्द, कारण ती मला जवळची. इथून सामुद्रधुनी ओलांडली की सुमात्रा, पुढे जावा. १९८०च्या दशकात जावाच्या भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातले. जितकी फवारणी जास्त तितके तुडतुडे जास्त, कारण त्यांना खाणारे कोळी आणि ढालकिडे आधी मरत. १९८६ साली इंडोनेशियाच्या सरकारने भातावरची ५७ कीटकनाशके एका आदेशाने बंद केली, आणि १९८९ पासून शेतकऱ्यांचे गट दर आठवड्याला एकाच शेतात जमून किडे मोजू लागले, चित्रे काढू लागले, फवारायचे की नाही ते आपसांत ठरवू लागले. मास्तर सोबत असे, पण उत्तर सांगत नसे. महाराष्ट्रातल्या शेतीशाळा याच कल्पनेच्या. कपाशीतली गुलाबी बोंडअळी हा त्यांचा कसोटीचा विषय. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तर हालचाल करायची, आणि गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली डोमकळी दिसली की तोडून चुरगळायची. जिथे शेतकरी स्वतः पतंग मोजतो तिथे ही शाळा चालते. जिथे हजेरीपट आणि फोटो यांपुरती भरते तिथे चहा-बिस्किटांवर संपते. हे मी म्हणत नाही, या संग्रहातले दोघे जण आपल्याच खात्याबद्दल म्हणतात, आणि त्यासाठी त्यांना दाद द्यावी.

‘रावे’वरच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या ग्रामीण कार्यानुभवावरच्या लेखात उत्साह जास्त झाला आहे. पदवीच्या शेवटच्या वर्षातली मुले-मुली कृषिदूत, कृषिकन्या म्हणून खेड्यात राहतात, चौकात रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, ‘इथला ओढा विसरलात की’ म्हणून म्हाताऱ्यांची बोलणी खातात. यात शिकतात ती मुलेच, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त त्याला गावाची सेवा म्हणू नये. त्यांतली काही पुढे स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत जातात, काही बँकेत, काही तर परदेशातल्या प्रयोगशाळांत. गाव त्यांच्या आठवणीत राहते. गावाच्या आठवणीत ती कितपत राहतात याचा शोध कोणीतरी घ्यावा.

शेवटी संपादकांशी असलेला मतभेद. या संग्रहातल्या निम्म्या लेखांत खलनायक एकच, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. नको ते औषध गळ्यात मारणारा, दोन-तीन रसायने एकत्र करून ‘कॉकटेल’ देणारा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून हे चित्र अधिकच गडद झाले. पीक डोक्याएवढे, हवा दमट, अंगावर बनियन, पंपात काय आहे ते फवारणाऱ्यालाच ठाऊक नाही. दुकानदाराचा दोष होता, कंपन्यांचा होता. पण सल्ल्याची ती जागा त्याला कोणी दिली? २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशातल्या फक्त ४० टक्के शेतकरी कुटुंबांनी आधुनिक शेतीची माहिती कुठूनतरी मिळाल्याचे सांगितले. १३.१ टक्क्यांना ती दुकानदाराकडून मिळाली होती, ५.७ टक्क्यांना सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून, आणि कृषी विज्ञान केंद्राकडून ०.७ टक्क्यांना. पाहणी जुनी आहे, मधल्या काळात मोबाइल आला, व्हॉट्सअ‍ॅपवर पानाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत चार उत्तरे येतात. पण दुकानदार अजून तिथेच आहे, कारण तो संध्याकाळी सात वाजता उघडा असतो, उधारी देतो, आणि गेल्या वर्षी काय नेले होते ते त्याला आठवते. शास्त्रज्ञाकडे ज्ञान आहे, पण ही तीन साधने नाहीत.

हैदराबादच्या मॅनेज संस्थेने २००३ पासून या दुकानदारांसाठी पदविका सुरू केली. ४८ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, तोही बाजाराच्या सुट्टीचा. चाळीस तासिकांचे दिवस आणि आठ शेतभेटी. शिकवायला बऱ्याच ठिकाणी विद्यापीठाचे आणि कृषी विज्ञान केंद्राचेच लोक असतात. या वर्गात बसलेला एक दुकानदार एका हंगामात जेवढ्या शेतकऱ्यांशी बोलतो, तेवढे एका शास्त्रज्ञाच्या वाट्याला अनेक वर्षांच्या मेळाव्यांत येत असतील का, याची मला शंका आहे. विस्तार शिक्षणाच्या इतक्या जाड संग्रहात या वर्गाला दीड पान मिळाले आहे. पुढच्या आवृत्तीत संपादकांनी एखाद्या चांगल्या दुकानदारालाच लिहायला सांगावे, एवढी माझी मागणी; प्रस्तावनेची पाने हवी तर कमी करा.